काळ्या चांदीच्या मॅडम

चांदी काळी करून द्या म्हणणारं माणूस मी आयुष्यात एकच बघितलं. लोक माझ्याकडं काळी पडलेली चांदी उजळायला आणायचे. मी ती रिठ्याच्या पाण्यात उकळायचो, ब्रशनं घासायचो, की चांदी हसायला लागायची. हिनं नवी कोरी अंगठी माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "तात्या, हिला काळी करा. जळाल्यासारखी दिसली पाहिजे." मला वाटलं माझ्या कानातच बिघाड झाला. मी परत विचारलं. तिनं परत तेच सांगितलं, आणि वर म्हणाली, "उजळ चांदी बघितली की मला साखरपुडा आठवतो. नको वाटतं."

मी चौथी शिकलेला माणूस. बारामतीत मंडईच्या मागं माझं दुकान, खाली काम आणि मागं बिऱ्हाड, वर एक खोली. माझं काम टाकाचं. देव्हाऱ्यात चांदीच्या पत्र्यावर उठवलेले छोटे देव असतात, ते टाक. खंडोबा, भवानी, जोतिबा, ज्याचं जे दैवत. ठशावर पत्रा ठेवायचा, ठोकायचा, देव वर येतो. बापानं केलं, मी केलं. आता गंधकाच्या धुरावर चांदी काळी कशी करायची हे मला येत होतं, पण ते येतं म्हणून कुणी मुद्दाम करतं का? ती म्हणाली, "करा हो तात्या, पाप लागलं तर माझ्या नावावर लावा." केली. हातात घालून तिनं बोटं अशी नाचवली की जणू सोनं चढलंय.

ती आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायला आली होती. कॉलेजात इंग्रजी शिकवायची, पण नोकरी अजून कायम नव्हती. गाव इंदापूर तालुक्यातलं सणसर. बाप पाटबंधारे खात्यातून रिटायर होऊन थोडा ऊस बघत होता. घर बौद्ध, एकोणीसशे छप्पनपासून. वय असेल अठ्ठावीस-तीस, लग्न नाही. साडी काळी नाहीतर जांभळी, टिकली काळी, आणि कानात दोन वटवाघळं. उलटी लटकलेली. ती वटवाघळं मीच केली, लपवत नाही. चित्र तिनं परीक्षेच्या पेपराच्या मागं काढून दिलं होतं. मी म्हणालो, "मॅडम, हा प्राणी घरात शिरला तर आमी झाडू घेऊन मागं लागतो." ती म्हणाली, "म्हणून तर बिचाऱ्याला कानात जागा दिली."

वटवाघळानंतर विंचू झाला. मग काट्यांची बांगडी, मग एवढीशी कवटी, डोळ्यांच्या जागी हिरवी काच. प्रत्येक वेळी मी हबकायचो आणि प्रत्येक वेळी करायचो. एकदा लोणी भापकरचा एक म्हातारा टाक न्यायला आला. माझ्या फडक्यावर देवांच्या ओळीत मॅडमचं तिसरं वटवाघूळ वाळत पडलं होतं, त्यानं ते उचललं, कपाळाला लावलं आणि म्हणाला, "तात्या, ह्यो कुठला देव म्हणायचा?" आतून आमची मंडळी ओरडली, "विंग्रजी हाय आबा, तुमच्या उपेगाचा न्हाय. खाली ठिवा." म्हाताऱ्यानं परत नमस्कार करून ठेवलं. मॅडमला हे सांगितलं तर ती जिन्यावर बसून हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

आमची मंडळी म्हणजे गोदा. आधी ती मॅडमला घाबरायची. "आवो, पोरगी चांगली हाय, पर अंगावर मसनवटा घिऊन फिरती," असं मला म्हणायची. मग एक दिवस तिनं तोंडावरच विचारलं, "पोरी, तुला कुणाचं काय झालंय का गं? कुणी मेलंय का?"

मॅडम म्हणाली, "नाही काकू. कविता वाचते म्हणून."

गोदा माझ्याकडं बघायला लागली. मी वर बघायला लागलो. कवितेनं असं होतं हे आम्हा दोघांना नवीन होतं. मग मॅडमनं सांगितलं, की फार लांब, फ्रान्स-विलायतेकडं, शंभर वर्षांपूर्वी काही कवी होऊन गेले. त्यांना सगळं जग ताज्या फुलांचं गाणं गात असताना सुकलेल्या फुलाचं लिहावंसं वाटलं. रोग, विष, थडगं, मेलेली बाई, असलं काय काय. त्यांच्यावर तिनं पुण्यात मोठा अभ्यास केला होता. एक कवी म्हणे म्हणतो, मला आजचं फूल नको, कालचं दे.

"त्याला म्हणावं गुरवाकडं जा," गोदा म्हणाली. "निर्माल्य लई हाय."

त्या दिवसापासून दोघींचं जमलं. रोज दुपारी कॉलेज सुटलं की मॅडम सायकल लावायची आणि आमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून एक कविता सांगायची. आधी इंग्रजीत म्हणायची, मग आपल्या भाषेत. गोदा भाकरी थापता थापता ऐकायची. मी दुकानातून ऐकायचो आणि गप्प बसायचो, कारण मला त्यातलं अर्धं घाण वाटायचं. गोदाला नाही वाटायचं. एका कवितेत माणूस मेलेल्या बायकोचे केस विंचरतो असं होतं. मी आतून ओरडलो, "बास करा!" गोदा म्हणाली, "तुमी तुमचं ठोका. मला ऐकू द्या." माझी बायको मला असं कधी बोलली नव्हती. मी हातोडी हातात धरून तसाच बसलो.

त्या कवींचं एक हिरवं पाणी होतं, म्हणजे दारूच. मॅडम त्याचं असं वर्णन करायची की देवाच्या तीर्थाचं करावं. पेल्यावर भोकं पाडलेला चपटा चमचा ठेवायचा, चमच्यावर साखरेचा खडा, आणि वरून गार पाणी थेंब थेंब सोडायचं. खाली हिरवं असतं ते ढगासारखं पांढुरकं होतं. ते पिऊन त्यांना हिरवी परी दिसायची.

"परी कशाची," गोदा म्हणाली, "आसरा आसंल. विहिरीवरली. तीबी हिरवं नेसती."

"आणि कशाची करतात माहीत आहे काकू? बडीशेप आणि कडू दवणा. तुम्ही चैत्रात देवाला वाहता ना, त्याच्याच जातीचा. थोरला भाऊ."

हे ऐकून मात्र मला धक्काच बसला. देवाचा दवणा! आणि त्यावर दारू! मी म्हणालो, असलं बोलायचं नाही या घरात. आणि चैत्रात मी दुपारी जेवायला आत गेलो तर दोघी समोरासमोर बसलेल्या, मध्ये दोन पेले, पेल्यात बडीशेप आणि दवण्याच्या काड्या भिजवलेलं साखरेचं पाणी, आणि गोदा बुंदीच्या झाऱ्यातून वर थेंब थेंब पाणी सोडत होती. रंग गढूळ झाला होता. तोंडं दोघींची वाकडी. मी काही बोलायच्या आत गोदा म्हणाली, "जहर हाय वो. बसा, तुमालाबी देते." मी प्यायलो. काय करणार. मग मॅडमसाठी मी चांदीचा एवढासा, बोटाच्या पेराएवढा भोकांचा चमचा केला, अंगठीत बसवला. गोदा त्याला बाहुलीचा झारा म्हणायची.

गोदा शाळेत कधी गेली नव्हती, एक दिवससुद्धा. मॅडमला ती म्हणायची, "मला एकदा तुझ्या वर्गात मागं बसू दे. मी गप बसंन. पोरं कशी ऐकत्यात बघायचंय." मॅडम म्हणायची, "या की, उद्याच या." पण उद्या पापड असायचे, परवा पाहुणे, तेरवा हिची लाज आडवी यायची. भाद्रपदात सकाळी दळण निवडता निवडता तिनं छातीवर हात ठेवला. रिक्षा बोलावली. दवाखाना काही लांब नाही. पोचेपर्यंत ती गेली होती. डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं. मी म्हणालो, "आवो, अर्ध्या तासापूर्वी ही माझ्यावर वराडत होती."

दुकान बंद पडलं. दोन महिने मी पायरीवर बसून होतो. मुलगी सुमन, लोणी भापकरला दिलेली, येऊन जायची. मॅडम रोज वरून भाकरी आणून ठेवायची, बोलायची नाही फार. एक दिवस म्हणाली, "तात्या, हात बसवून ठेवू नका, हात बसला की माणूस बसतं. माझ्या बांगडीचा काटा तुटलाय, तेवढा लावा." तिनं चित्रांची वही आणली. मी काटा बघायचा सोडून पानं उलटत बसलो. एका पानावर मेलेली बाई होती. पाण्यावर तरंगणारी, केस सुटलेले, डोळे मिटलेले.

मी म्हणालो, "ह्ये करतो."

तिचा चेहरा पडला. "नको तात्या. ते जुनं आहे. ते नको."

"करतो म्हणलं न्हवं."

तिनं आज्जीचा एक जुना तोडा मोडायला दिला. आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाची चांदी गिऱ्हाइकाचीच, घडवली तरी आणि मोडली तरी. साडीला खांद्यावर लावायची पिन करायची असं ठरलं.

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्याकडं पहिली बायको मेली आणि गड्यानं दुसरी केली, की दुसरीच्या गळ्यात पहिलीचा टाक घालतात. सवतीचा टाक. काळ्या दोऱ्यात नाहीतर मंगळसूत्राशेजारी. सणावाराला तिला आधी हळदीकुंकू, मग हिनं लावायचं. असे टाक मी किती तरी केले. माझ्याकडं त्यासाठी बाईचा एकच ठसा होता, बापाच्या वेळचा. डोक्यावर पदर, मोठे उघडे डोळे. मेलेल्या सगळ्या बाया त्या एका तोंडाच्या. कुणी तक्रार केली नाही. पण मॅडमच्या चित्राला ठसा नव्हता. पत्रा लाखेवर चिकटवून मागून छिन्नीनं हातानं उठवायचा होता. मागून ठोकताना तोंड दिसत नाही, खड्डे दिसतात. मी चार दिवस खड्डे ठोकले. मग पालथा करून पुढून रेघा मारल्या, गंधकावर काळा केला, पुसला, मागं पिन लावली आणि दिला.

तिनं हातात घेतला आणि जिन्याच्या पायरीवर मटकन बसली. मग माझ्या पायाला हात लावला. मला वाटलं काम आवडलं.

तीन आठवड्यांनी सुमन आली. पिशवी खाली न ठेवता दारातच उभी. डोळे सुजलेले.

"आबा, तुमी लगीन केलंत?"

माझ्या हातातला चहा सांडला. "कुणी? कुणाशी?"

"सगळी लोणी बोलतीया. एस्टीत बाया बोलत्यात माझ्यासमोर. माझी सासू इचारती, तुझ्या नव्या आईला घिऊन ये की हळदीकुकवाला. आईला जाऊन चार महिनं झालं न्हायत, आन् तुमी वरच्या खोलीतल्या मॅडमच्या गळ्यात आईचा टाक घातलाय!"

"आगं, येडी का खुळी तू? मी कुठला टाक घातला?"

"मी आत्ता बघून आले. कॉलेजच्या गेटात. काळा दोरा, त्यात टाक, त्यात आई. तोंड आईचं हाय, आबा! भुवई बी!"

गोदाच्या डाव्या भुवईत खाच होती. लग्नाच्या पहिल्याच वर्षी माझ्या शेगडीतली ठिणगी उडून पडलेली खाच. ती मी त्या पत्र्यावर कधी मारली, मला माहीत नाही. त्या बाईच्या डोक्यावर मी पदर दिला होता म्हणे. मॅडमच्या चित्रात तर केस मोकळे होते. डोळे उघडे ठेवले होते. टाकाचे डोळे मी आयुष्यात कधी मिटवले नाहीत, हाताला ते येतच नाही. मला कळलं नाही असं मी म्हणतो. खरं काय ते मला तरी कुठं ठाऊक.

संध्याकाळी मॅडम आली तेव्हा पहिल्यांदा मी नीट बघितलं. पिनेनं साडी फाटते म्हणून तिनं पिन काढून दोरा ओवला होता. आणि दोऱ्यावर गोदा. काळी, एवढीशी, डोळे उघडे ठेवून माझ्याकडं बघणारी. गोदाचा फोटो आमच्याकडं एकच, लग्नातला, त्यात मुंडावळ्यांनी तोंड झाकलेलं. म्हणजे जगात ते तोंड आता तेवढंच होतं.

मी म्हणालो, "मॅडम, ह्ये तुमच्या गळ्यात काय हाय, तुमाला म्हाईत हाय?"

"काकू आहेत," ती म्हणाली. "तुम्ही दिलं त्याच क्षणी ओळखलं मी. मला वाटलं तुम्ही मुद्दाम केलंत, आठवण म्हणून दिलंत. मी रोज त्यांना वर्गात घेऊन जाते तात्या. बसायचं होतं ना त्यांना."

सुमननं तिला सवतीचा टाक म्हणजे काय ते सांगितलं. मॅडमचं तोंड पांढरंफटक पडलं. मसनवट्याचे दागिने घालणारी ती बाई, कवटीला न घाबरणारी, तिनं टाक मुठीत झाकला. "मेलेली बायको जित्या बायकोच्या गळ्यात?" ती म्हणाली. आणि मग एकदम सणसरच्या बोलीत गेली. "आन् मला कुणी सांगितलं न्हाय! आमच्या घरात टाकच न्हाय. आज्जीनं समदे देव नीरा नदीत सोडले. मला काय ठावं कोण गळ्यात काय घालतं?"

गावाला हे सांगून पटणार होतं थोडंच. गाव बोलत सुटलं. साठीचा म्हातारा, तिशीची पोरगी. तो कोण, ती कोण, लोकांनी जाती काढल्या, ते मी इथं लिहीत नाही. कॉलेजात तिच्या कायम नोकरीची मुलाखत तोंडावर आली होती. तिथल्या कुणा मोठ्या माणसानं तिला बोलावून विचारलं, "मॅडम, नाव बदललंय का? कागदावर काय लावायचं?" ती मला हे सांगताना हसत होती, पण ओठ काळेनिळे पडले होते. तरी टाक काढेना. म्हणाली, "काढला तर म्हणतील घाबरली. म्हणजे खरंच होतं."

रविवारी सकाळी तिचा बाप आला. पांढरा शर्ट, डोक्याला टोपी नाही, हातात छत्री. दुकानाच्या फळीवर बसला, पाणी नको म्हणाला. ती वरून खाली आली. सुमनही होती. त्यानं पोरीच्या गळ्याकडं बघितलं आणि मान फिरवली.

"तात्या," तो म्हणाला, "मी भांडाय आलो न्हाय. तुमी काय मनात ठिवून केलं न्हाय ह्ये पोरीनं सांगितलं, माझा तिच्यावर इस्वास हाय. पर लोकांच्या तोंडाला मी कुठं कुठं हात लावू? माझी पोरगी सणसरातनं शिकून हितवर आली. तिच्या आईनं खुरपून तिला शिकवली. उद्या तिची नोकरी गेली तर ती कुणाच्या तरी मेलेल्या बायकोपायी गेली आसं हुईल. ह्ये माझ्यासमोर वितळवा. चारचौघांच्या देखत. रस्त्यावरचं लोक बी बघू द्या."

"दादा!" मॅडम ओरडली. "ह्ये काकूंचं तोंड हाय. दुसरं कुठं न्हाय. फोटोत बी न्हाय."

"मग तू काय करणार? जलमभर त्यांची दुसरी म्हणून हिंडणार?"

सुमन रडत होती. तिला काय हवं होतं ते तिलाच कळत नव्हतं. आधी म्हणाली वितळवा, मग म्हणाली आबा, नको, मला द्या. पण ज्या टाकावरून एवढा बोभाटा झाला तो माझ्याच लेकीच्या घरी गेला असता, तर लोक म्हणाले असते, बघा, उघडं पडलं म्हणून लपवला. मी शेगडीत कोळसा घातला. फुंकणी घेतली. मूस तापायला ठेवली. रस्त्यावर पाच-सहा माणसं थांबली, समोरच्या पानवाल्यासकट. मी मॅडमपुढं हात केला.

"द्या."

"तात्या, तुमी न्हाय म्हणा की." हे तिचं बोलणं अजून माझ्या कानात आहे. "तुमी एकदा न्हाय म्हणा, मी दादांना समजावते. मला नोकरी नको."

मी म्हणालो, "गोदाला विचारलं आसतं तर ती काय म्हणाली आसती? पोरीची नोकरी घालवून माझं तोंड ठिवा, म्हणाली आसती?"

तिनं दोरा तोडला आणि टाक माझ्या हातावर ठेवला.

चांदी लगेच वितळत नाही. आधी काळेपणा गेला. गंधक जळून गेलं आणि टाक मुशीत पांढरा पडला, एकदम नवा कोरा. गोदा उजळली. लग्नात दिसली होती तशी. मी फुंकणी थांबवली. मग मी परत फुंकायला लागलो. आधी पदर गेला, मग भुवई, मग गाल. डोळे शेवटी गेले. मग नुसता थेंब हलत राहिला, आरशासारखा. मी तो पाण्यात ओतला. फस्स झालं. एवढासा ओबडधोबड गोळा. चिमट्यानं काढला, पुसला, मॅडमच्या हातात दिला.

"तुमची चांदी."

रस्त्यावरची माणसं पांगली. बाप मात्र उठला नाही. छत्रीच्या मुठीवर हनुवटी टेकून बसला होता. मग म्हणाला, "माझी आई दुसरी व्हती. तिच्या गळ्यात सवतीचा टाक व्हता. छप्पन साली तिनं समदं नीरंत सोडलं, खंडोबा, म्हसोबा, समदं. देवांसाठी ती रडली न्हाय. सवतीसाठी रडली. मी ल्हान व्हतो, मला वाटलं पाण्यात पाय घसरला म्हणून रडती." मग पोरीकडं बघून म्हणाला, "तुला ह्ये कदी सांगितलं न्हाय. सांगाय पायजे व्हतं. सांगितलं आसतं तर तू त्यो गळ्यात घातलाच नसता."

हे ऐकून मी त्याच्याकडं बघतच राहिलो. हे त्याला सगळं माहीत होतं आणि माझ्या बायकोचे डोळे जाईपर्यंत तो गप्प बसला होता. मला राग यायला पाहिजे होता. आला नाही. मी त्याला पाणी दिलं. या खेपेला त्यानं घेतलं.

मॅडमची नोकरी कायम झाली. गाव दुसऱ्या विषयाला लागलं. पण तिनं माझ्याकडून परत काही करून घेतलं नाही, मी विचारलं तरी. वर्षभरानं ती नोकरी सोडून सोलापूरकडं कुठल्या कॉलेजात गेली. जाताना वटवाघळं कानात होती. निघताना दुकानाच्या दारात उभी राहिली, म्हणाली, "तात्या, मी तुमच्या घरात नसते आले तर बरं झालं असतं." मी म्हणालो, "तू नसतीस तर गोदानं जलमात एक कविता ऐकली नसती. गप जा." नंतर आठवलं की मी तिला तू म्हणालो होतो. कधी म्हणत नव्हतो.

मी गोदाचं तोंड परत करायचा प्रयत्न केला. किती पत्रे वाया गेले सांगत नाही. प्रत्येक वेळी ते ठशातलं तोंड येतं, बापाच्या वेळचं, सगळ्या मेलेल्या बायांचं. हाताला ती एकदाच सापडली, तीही मी बघत नसताना.

दोनेक वर्षांनी इंदापूरच्या स्टँडवर मी गाडीची वाट बघत होतो. समोर सोलापूर गाडीच्या खिडकीत काळी साडी. तीच. मला बघून खाली उतरली. केसांत एक-दोन पांढरे. मी तिच्या गळ्याकडं बघितलं. काळ्या दोऱ्याला तो गोळा. तसाच, पाण्यातून काढला तसा, ना डोळा ना नाक.

"ह्ये काय?" मी म्हणालो.

"कुणी विचारलं काय आहे, तर मी म्हणते चांदीचा खडा. कुणी काही बोलू शकत नाही."

"आन् तुला गं काय दिसतं त्याच्यात?"

तिनं दोरा डोक्यावरून काढला आणि गोळा माझ्या तळहातावर ठेवला. गरम होता. तिच्या अंगाची ऊब होती ती, मला कळत होतं. पण दवाखान्यात गोदाचा हात धरला होता तेव्हा तो गार पडत चालला होता, आणि हा गरम होता. मी मूठ मिटली. गाडीनं हॉर्न दिला. कंडक्टर ओरडला, "मॅडम, येताय का ऱ्हाताय?" मला मूठ उघडायची होती, खरंच उघडायची होती. पण बोटं ऐकेनात. शेवटी तिनंच माझी बोटं एकेक करून सोडवली.